प्रियकर दमत नाही

"दमून आलात ना? मग काही बोलू नका. नुसते बसा. मी आहे."

बाईचा आवाज होता. सगुणाने फोन कानापासून लांब धरून पडद्यावरचं नाव वाचलं आणि पुन्हा कानाला लावला. नाव होतं, रश्मी स्टोअर. रेकॉर्ड केलेलं बोलणं संपल्यावर क्षण-दोन क्षण कुठलातरी पंखा घरघरत राहिला, मग तोही बंद झाला. न्हाणीत तिचा नवरा मुरारी अंगावर पाणी घेत होता. पहिल्या शिफ्टहून आला की तो आधी आंघोळ करायचा, कारण पेंट शॉपचा वास अंगावर घेऊन कुणी घरात वावरलेलं सगुणाला खपत नसे.

फोन तिने चोरून घेतला नव्हता, हे आधी सांगितलं पाहिजे. सिलिंडरवाला दारात उभा होता आणि त्याला सांगायचा आकडा मुरारीच्या फोनवर आला होता. आकडा सांगून झाला, भरलेला सिलिंडर आत आला, रिकामा बाहेर गेला, आणि फोन हातातच राहिला. हातात आलेली वस्तू उलटीसुलटी करून पाहिल्याशिवाय खाली ठेवायची नाही, ही तर सगुणाची तेरा वर्षांची नोकरी होती. चाकणजवळच्या एका लहान कारखान्यात ती रबरी सील तपासायची. सील दिव्याखाली धरायचं, अंगठ्याने कड दाबायची, चीर आहे का, फुगवटा आहे का, कुठे जास्तीचं रबर राहिलंय का ते बघायचं. वाईट माल तिच्या हातून कधी पुढे गेला नाही. चांगला दिसणारा मालही ती दोनदा बघायची.

रश्मीचे आणखी बरेच निरोप वर दिसत होते. पण तेवढ्यात पाण्याचा आवाज थांबला आणि तिने फोन होता तिथे ठेवला. त्यानंतर तो पुन्हा तिच्या हाती लागला नाही. मुरारी हल्ली फोन खिशात ठेवायचा आणि कानात वायरी घालून फिरायचा.

कुणी म्हणेल, नाटकातलं वाक्य असेल. सगुणालाही क्षणभर तसंच वाटलं, कारण कंपनीच्या स्टोअरमधली रश्मी म्हणजे नाटकातली मुरारीची प्रेयसी. महाळुंग्याच्या त्याच्या कंपनीत दर वर्षी कामगारांच्या स्पर्धेसाठी एक विनोदी नाटक बसायचं. ते लिहायचे आणि बसवायचे मेंटेनन्सचे दादासाहेब, आणि त्यात गेली बारा वर्षं प्रियकर मुरारी आणि प्रेयसी रश्मी. नाटकाचं नाव दर वर्षी वेगळं, बाकी सगळं तेच. दोघांचं प्रेम असतं, मुलीचा काका आडवा येतो, नोकर चिठ्ठ्यांची अदलाबदल करतो, कुणीतरी कपाटात लपतं आणि शेवटी काका हात टेकतो. काकाचं काम स्वतः दादासाहेब करत. हशा सगळा काकाला आणि नोकराला. प्रियकराच्या वाट्याला बारा वर्षांत एक हशा आला नव्हता आणि तो यावा अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. दादासाहेबांच्या फायलीत काकाला नाव असे, नोकराला नाव असे, एका वर्षी तर नोकराच्या म्हशीलाही होतं. ही दोघं मात्र नुसती 'तो' आणि 'ती'. प्रेमी जोडी म्हणजे दाराची बिजागरी, असं दादासाहेब म्हणायचे. तिच्याकडे कुणी बघत नाही, पण ती नसली तर दार फिरणार कशावर आणि काका आत येणार कुठून.

हे सगळं सगुणाला माहीत होतं, कारण मुरारीचं पाठांतर तीच घ्यायची. दिवाळी झाली की हिरवी फाईल घरी यायची आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकून उभी राहायची. संध्याकाळी सातला सगुणा भाकऱ्यांना बसायची, म्हणजे उभीच राहायची, आणि मुरारी फ्रीजला पाठ लावून समोर. भाकरी तव्यावर टाकायची, पाणी फिरवायचं, तेवढ्यात फायलीत बघून 'ती'चं वाक्य वाचायचं. मग भाकरी उलटायची आणि नजर पुन्हा फायलीवर आणायची, म्हणजे मुरारी पुढचं वाक्य बरोबर बोलतो की चुकतो ते तपासता यायचं. तोवर तो थांबायचा. 'तुमच्याविना हे जीवन म्हणजे वाळवंट' असली वाक्यं सगुणा वीजबिल वाचावं तशी वाचायची आणि मुरारीही तशाच आवाजात उत्तर द्यायचा. इथे हा असा बोलतो, मग तिथे कसा बोलत असेल, हा संशय तिला तेव्हापासूनचा. पहिल्या वर्षी ती नाटकाला गेली होती. तिला फक्त रश्मीची हिरवी साडी आणि तिच्या हातातला मुरारीचा हात दिसला. बाकी नाटकात काय झालं ते तिला आजही सांगता आलं नसतं. त्यानंतर दर वर्षी नाटकाच्या दिवशी तिला नेमकी शिफ्ट निघायची.

आणि बारा फायली वाचल्या होत्या म्हणूनच तिला कळलं की हे वाक्य नाटकातलं नाही. दादासाहेबांचा प्रियकर झुरायचा, तळमळायचा, उसासे टाकायचा, भिंतीवरून उड्या मारायचा. पण बारा वर्षांत तो एकदाही दमला नव्हता. त्याला शिफ्ट नव्हती, बस नव्हती, कंबरदुखी नव्हती. 'ती' त्याच्यासाठी जीव द्यायला दर वेळी तयार असायची, पण बसा म्हणून कधी म्हणाली नव्हती. दमतो तो नवरा. तेव्हा हे वाक्य रश्मीने मुरारीला म्हटलं होतं, फायलीतल्या 'तो'ला नव्हे, असा सगुणाचा निकाल झाला.

आणखी एक गोष्ट होती. या वर्षी हिरवी फाईल घरी आलीच नव्हती. दिवाळी होऊन महिना उलटला, मुरारीने केस काळे केले, तालमींना जायला लागला, आणि पिठाचा डबा मोकळाच होता. त्या दिवशी भाकऱ्या करताना तिने सहज विचारावं तसं विचारलं, फाईल कुठं आहे.

"कंपनीतच राहते," मुरारी म्हणाला. "यंदा तिथंच पाठ करायलोय."

"का? आणा की. मी वाचते."

"नको. तुला कशाला तरास."

बारा वर्षं तिच्याकडून 'तुमच्याविना वाळवंट' वाचून घेणाऱ्या माणसाला आज तिच्या त्रासाची आठवण झाली होती. सगुणाने भाकरी उलटली आणि पुढे काही विचारलं नाही. नाटकात यंदा काय आहे, एवढं मात्र जेवताना काढून घेतलं. त्यावर तो म्हणाला, नेहमीचंच. दोघांचं प्रेम, काका आडवा. आणि ताटातलं पिठलं एवढं मन लावून खायला लागला की जणू ते पहिल्यांदाच वाढलं होतं.

त्यानंतरच्या मंगळवारी तिची बस मोशीच्या चौकात अडकली. खिडकीतून तिला मुरारी दिसला. रस्त्याच्या कडेला, कानात वायरी, आणि तोंड हलत होतं. फोनवर बोलणारा माणूस असा दिसत नाही हे तिला कळत होतं, कारण फोनवर बोलताना माणूस इकडेतिकडे बघतो. मुरारी एका जागी बघत होता. ऐकायचा, बोलायचा, पुन्हा ऐकायचा. एकदा त्याने मान झटकली, मग स्वतःशीच हसला. असा हसलेला तिने त्याला शेवटचा कधी पाहिला होता ते आठवेना, आणि मग आठवायचा प्रयत्नच केला नाही. एकोणीस वर्षांपूर्वी औशाहून एक ट्रंक आणि एक गादी घेऊन आलेला हा माणूस, त्याच्यावर आपण एवढा जीव लावून आहोत हे तिला त्या बसमध्ये कळलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी तिने ते सगळं सुमनताईंना सांगितलं. सुमनताई तपासणीच्या टेबलावर तिच्या शेजारी बसायच्या. महाळुंग्याच्याच, जमिनीत कंपन्या आल्या म्हणून नोकरीला लागलेल्या, आणि वयाने दहा वर्षांनी मोठ्या. त्यांनी हातातलं काम न थांबवता ऐकून घेतलं.

"आगं, मग इचार की त्यास्नी. तोंड हाय न्हवं तुला?"

"विचारून काय होतंय? मालाला विचारतो का आपण, तू चांगला हायस का म्हणून?"

"नवरा हाय त्यो," सुमनताई म्हणाल्या. "सील न्हाई."

सगुणाला ते पटलं नाही. विचारलं तर तो नाही म्हणणार, आणि त्या नाहीचं काय करायचं हे तिला माहीत नव्हतं. त्यापेक्षा नाटकाला जायचं. पहिल्या घंटेपासून शेवटच्या पडद्यापर्यंत बसायचं आणि ऐकायचं. ते वाक्य नाटकात आलं तर आलं. नाही आलं तर त्याच दिवशी घरी येऊन त्याच्यासमोर फोन ठेवायचा, आणि मुलीची, दिव्याची, बारावीची परीक्षा झाली की तिला घेऊन उदगीरला भावाकडे निघून जायचं. एवढं ठरल्यावर तिला जरा बरं वाटलं. त्या दिवशी तिने नेहमीपेक्षा दीडशे सील जास्त बाजूला काढली, आणि सुपरवायझरने येऊन विचारलं, आज माल खराब आहे की काय.

मी नाटकाला येणार आहे, असं तिने सांगितलं तेव्हा मुरारी बुटांना पॉलिश करत होता. त्याचा हात थांबला.

"तू? तुझी शिफ्ट असते की."

"अर्धी रजा टाकली. का, येऊ नको?"

"नाही, ये की," तो म्हणाला, आणि एकच बूट पुन्हापुन्हा घासत बसला. ते सगुणाने बरोबर टिपलं.

शनिवारी दुपारी चिंचवडच्या नाट्यगृहात ती वेळेआधीच जाऊन बसली. आधी दुसऱ्या दोन कंपन्यांची नाटकं झाली, ती तिने बस स्टॉपवर बसावं तशी पाहिली. तिसरं मुरारीचं. पडदा वर गेला. एक सोफा, दोन दारं आणि मधोमध एक मोठी लाकडी पेटी. दादासाहेब काका होऊन धोतर सावरत आले आणि पहिल्याच वाक्याला लोक हसले. मग आला मुरारी. क्रीम रंगाचा झब्बा, काळे केस, गालावर लाली. चव्वेचाळीस वर्षांचा मुरारी त्या लालीखाली पंचविशीचा दिसायचा प्रयत्न करत होता आणि तो प्रयत्न दहाव्या रांगेतूनही दिसत होता. मागोमाग रश्मी. बारा वर्षांत तीही जाड झाली होती. साडी हिरवीच होती.

सगुणा पुढे सरकून बसली. तिचं सगळं लक्ष रश्मीच्या तोंडाकडे होतं. 'चंद्र', 'चांदणं', 'प्राण', सगळे नेहमीचे शब्द ओळीने आले. तिच्या शेजारी दोन माणसं बसली होती, कुठल्यातरी कंपनीचे टी-शर्ट घातलेली. त्यातला एक उठला.

"चल राव, चहा मारून येऊ. यांचं पिरेम चालू झालं."

दुसरा म्हणाला, काका आला की येऊ परत. दोघं गेले. पुढच्या रांगेतली बाई पिशवीत काहीतरी शोधायला लागली. मागे कुणाचा तरी फोन वाजला आणि त्याने तो चक्क उचलला. एवढी बारा वर्षं सगुणा ज्या प्रेमावर जळत होती, ते प्रेम इथे कुणी बघतच नव्हतं. तिला त्याचं जरासं वाईटही वाटलं. पण ती वाईट वाटून घ्यायला आली नव्हती.

नाटक पुढे गेलं. काका आला, प्रियकर पेटीत लपला, नोकराने सामानाची पेटी समजून तीच पेटी टेम्पोत चढवून सणसवाडीला पाठवली. लोक पोट धरून हसत होते. चहाला गेलेले दोघे परत आले आणि तेही हसायला लागले. मुरारी अर्धा तास रंगमंचावर नव्हताच. रश्मी मध्येमध्ये येऊन रडून जात होती. सगुणा प्रत्येक वाक्य कान देऊन ऐकत होती आणि ते वाक्य येत नव्हतं. काकाला खरा प्रकार कळला, नोकराने कान धरले, सगळं उलगडलं. नाटक संपत आल्याचं तिला अनुभवाने कळत होतं. आता काका हात टेकणार आणि पडदा. तिने पदर आवळून धरला. उदगीरला जाताना दिव्याचा दाखला काढावा लागेल, असा एक भलताच विचार तिच्या डोक्यात येऊन गेला.

तेवढ्यात नोकर पेटी ढकलत आत आला. टेम्पो परत आला होता. झाकण उघडलं आणि आतून मुरारी उठला. केस विस्कटलेले, झब्ब्याला धूळ, लाली घामाने ओघळलेली. लोक थोडे हसले. रश्मी पुढे आली, त्याला हाताला धरून सोफ्यावर बसवलं.

"दमून आलात ना?" ती म्हणाली. "मग काही बोलू नका. नुसते बसा. मी आहे."

आलं होतं. शब्द न् शब्द तेच. दादासाहेबांचा प्रियकर बारा वर्षांनी पहिल्यांदा दमला होता, आणि तो नेमका याच वर्षी. तिने पाठ खुर्चीला टेकली. आता पुढचं वाक्य मुरारीचं होतं.

मुरारी बोलला नाही.

नाट्यगृहात शांतता होती. रश्मी त्याच्याकडे बघत होती. शेजारचा टी-शर्टवाला हळूच म्हणाला, विसरला बहुतेक. मागच्या दारात काका होऊन उभे असलेले दादासाहेब कपाळाला हात लावताना तिला दिसले. आणि त्याच क्षणी सगुणाचा मांडीवरचा उजवा हात आपोआप उचलला गेला, पालथा झाला आणि पुन्हा मांडीवर पडला.

"मी कुठं दमलोय," मुरारी म्हणाला. "तुझा आवाज ऐकत होतो पेटीतून."

एका नगावरून माल पास करायचा नसतो. तिने पुढचं वाक्य येऊ दिलं. रश्मी बोलली. मुरारी गप्प. सगुणाने मनात तव्यावरची भाकरी उचलली, उलटली, कड फडक्याने दाबली आणि नजर फायलीकडे नेली. मुरारी बोलला. तिसऱ्यांदा तिने तेच केलं आणि तो तिसऱ्यांदाही तेवढाच थांबला, ना कमी ना जास्त. मग तिला आधीचंही आठवलं. पहिल्या प्रवेशात चंद्र-चांदण्याच्या वाक्यांनंतरही तो असाच थांबत होता. ती फक्त रश्मीला ऐकत होती म्हणून तिला ते ऐकू आलं नव्हतं. बारा वर्षं हा माणूस हिरव्या साडीसमोर उभा राहून आपली भाकरी उलटायची वाट बघत होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने पुसलंही नाही, कारण सगळे काकाकडे बघत होते.

निकाल संध्याकाळी लागला. नाटकाला तिसरा क्रमांक, दादासाहेबांना अभिनयाचं प्रमाणपत्र. मुरारी तोंड धुऊन आला नव्हता, तेव्हा सगुणा बाहेर कंपनीच्या गाडीजवळ उभी राहिली. रश्मी तिला ओळखून स्वतःहून आली. साडी बदलून पंजाबी ड्रेस घातला होता, पायात घरच्या चपला, हातात हेल्मेट. जवळून पाहिली तर चारचौघींसारखी बाई होती, डोळ्यांखाली काळं आणि नखांत स्टोअरचं ग्रीस.

"वहिनी, तुम्ही आलात ते बरं झालं," ती म्हणाली. "सांगा यांना जरा. अकरा-बारा वर्षं झाली, माझं वाक्य संपलं की हे कुठेतरी जाऊन येतात. मी आपली उभी. परीक्षक दर वर्षी तेच लिहितात, नायकाचे संवाद उशिरा येतात."

दादासाहेबही येऊन मिळाले. प्रमाणपत्र मिळूनही ते चिडलेले होते. त्यांनी सांगितलं त्याचा मतलब एवढाच की या माणसाला घरी पाठांतर करायची सवय आहे आणि त्याचं घरी काहीतरी बिघडतं, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. म्हणून या वर्षी त्यांनी फाईल घरी न्यायची बंदी घातली. रश्मीने आपली वाक्यं फोनवर बोलून दिली, मध्ये मोजून दोन सेकंदांची जागा सोडली, म्हणजे त्या दोन सेकंदांत याने बोलायचंच. महिनाभर हा बसच्या स्टॉपवर, रस्त्यावर, कंपनीत तेच ऐकत होता. तालमीत जमतही होतं. आज पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

"आता बास," दादासाहेब म्हणाले. "पुढच्या वर्षी प्रियकर नवीन पोरगा घेतो. मुरारीला पोरीचा बाप देतो. बापानं उशिरा बोललं तरी चालतं."

नवऱ्यात सापडलेला दोष सगुणाच्या हातचा होता, आणि ज्या दोषामुळे त्याचं काम गेलं त्याच दोषाने तिचं घर वाचलं होतं. तिला आनंद झाला होता आणि त्या आनंदाची तिला लाजही वाटत होती. तेवढ्यात मुरारी आला. लालीचा एक डाग कानाखाली राहिला होता. दादासाहेबांचं शेवटचं वाक्य त्याने ऐकलं असावं, कारण त्याने कुणाकडे पाहिलं नाही, सामानाची पिशवी घेतली आणि चल म्हणाला.

मोशीची बस भरलेली होती. दोघं उभे राहून आले. निम्म्या वाटेत जागा झाली तेव्हा मुरारीने तिला बसवलं. तिने विचारलं, मला का नाही सांगितलंत.

मुरारीने दांड्यावरचा हात बदलला.

"तुला सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर तू पुन्हा फाईल हातात धरली नसतीस."

ते खरं होतं. सगुणाला आपला स्वभाव माहीत होता. तुमच्या भाकरीमुळे नाटक पडतं असं कुणी म्हटलं असतं तर तिने दुसऱ्याच दिवशी डबा हलवला असता आणि पुन्हा जन्मात वाक्य वाचलं नसतं. तेवढं ओळखून त्याने तोंड मिटलं होतं, आणि तिने त्या मिटल्या तोंडावर दिवा धरून महिनाभर चीर शोधली होती. चौकात तिला तो हसताना दिसला होता ते आठवलं. दोन सेकंदांत वाक्य जमलं असेल त्या वेळी. तिने खिडकीबाहेर बघितलं. रश्मीचा निरोप ऐकल्याचं तिने सांगितलं नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही.

रविवारी संध्याकाळी सातला तिने परात घेतली. मुरारी बाहेरच्या खोलीत काहीही न करता बसला होता. काळे केस कानांजवळ पांढरे व्हायला लागले होते, या वेळी त्याने ते तसेच सोडले होते. दिव्या क्लासला गेली होती. सगुणाने हाक मारून विचारलं, फाईल आणली का घरी.

"आणलीय. दादासाहेब म्हणले, ठेव आठवण म्हणून. कशाला?"

"आणा इकडं."

"झालं की नाटक आता."

"आणा म्हटलं ना."

मुरारी फाईल घेऊन आला आणि सवयीने फ्रीजला पाठ लावून उभा राहिला. तिने पिठाच्या हाताने शेवटचं पान काढलं आणि फाईल डब्याला टेकवली. भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. पान समोर होतं. 'ती', आणि पुढे दोन बिंदू. एकोणीस वर्षांत असलं वाक्य तिने त्याला एकदाही म्हटलं नव्हतं. तो पहिल्या शिफ्टहून यायचा तेव्हा ती म्हणायची, आधी आंघोळ करा.

"दमून आलात ना?" तिने वाचलं. आवाज नेहमीचाच निघाला, वीजबिलाचा. पुढचं तिला पाठ होतं. ती फायलीकडे न बघता मुरारीकडे बघत म्हणाली, "मग काही बोलू नका. नुसते बसा. मी आहे."

तव्यावरच्या भाकरीचं पाणी सुकलं, कड उचलली गेली. सगुणाचा हात ओट्यावर तसाच होता. ती त्याच्याकडेच बघत राहिली. करपल्याचा वास सुटला तरी मुरारी आपलं वाक्य बोलला नाही. भाकरी अजून उलटायची होती.